तो अंजिरांचा हंगाम नव्हता

बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, अकराव्या अध्यायातल्या एका अर्ध्या वाक्यापाशी मी गेली चाळीसेक वर्षे अडलेलो आहे. बेथानीहून यरुशलेमेकडे जाताना येशूला भूक लागली, पानांनी भरलेले अंजिराचे झाड लांबून दिसले, काही मिळेल म्हणून तो जवळ गेला, आणि पानांवाचून त्याला काही सापडले नाही. कारण तो अंजिरांचा हंगाम नव्हता. त्यावर तो झाडाला म्हणाला की यापुढे तुझे फळ कोणी कधीही न खावो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाड मुळापासून वाळलेले शिष्यांनी पाहिले. ज्याचा जन्म संत्र्याच्या बागेत गेला आहे अशा माणसाला हे वाचून पुढच्या ओळीवर सहज जाता येत नाही.

आमचे गाव अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात. गावात ख्रिस्ती घरे चौदा, आणि त्यांतली अकरा शेतीवर. उपासनेत वचन वाचण्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. काही वर्षांपूर्वी झावळ्यांच्या रविवारानंतरच्या बुधवारी, संध्याकाळच्या सभेत, हा उतारा माझ्या वाट्याला आला. मी वाचून खाली बसलो आणि पाळक उभे राहणार, तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून एका म्हाताऱ्या बागवानाने विचारले, “हंगाम नोता तं झाडाचा काय कसूर, पास्टर सायेब?” सभेत असे मध्येच कोणी विचारत नाही. पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

पाळकांनी दिलेले उत्तर वाईट नव्हते. त्या देशात अंजिराला पालवीबरोबरच लहान, कच्ची, आगाऊ फळे येतात, आणि वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांत, म्हणजे आपल्या चैत्राच्या सुमारास, वाटसरू तीही खातात. भरपूर पाने असून तशी फळे नसतील तर ते झाड नुसते दिखाऊ. शिवाय मार्काने शाप आणि वाळणे या दोन घटनांच्या मधोमध मंदिरातला प्रसंग ठेवला आहे, जिथे येशू सराफांचे चौरंग उलथवतो. म्हणून झाड म्हणजे मंदिर, पाने म्हणजे कर्मकांड, आणि नसलेले फळ म्हणजे नसलेला धर्म. ही मांडणी मला आजही पटते. मार्क साधा दिसणारा पण फार हुशार लेखक आहे, आणि एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट घालण्याची त्याची ही पद्धत त्याच्या लिखाणात इतरत्रही दिसते. पण म्हातारबांचे समाधान झाले नाही. ते इतकेच म्हणाले, “मंग मंदिराले बोलाचं, झाडाले काऊन?”

मला त्या प्रश्नात उर्मटपणा मुळीच दिसला नाही. हा प्रश्न बागाईतदाराचा आहे. आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार: आंबिया आणि मृग. मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून तिला ताणावर सोडतात. पाने मलूल होतात, झाड दिवसभर मान टाकून उभे असते, आणि मृगाचा पाऊस पडला की तेच झाड फुलाने पांढरे होते. अशा बागेत मे महिन्यात येऊन कोणी ‘फळ कुठे आहे’ असे विचारले तर तो पाहुणा शहरातला आहे हे आम्ही ओळखतो आणि त्याला घरात नेऊन पन्हे पाजतो. त्याला दोष देत नाही आणि झाडालाही देत नाही. हंगाम ही झाडाची सबब नव्हे, ते त्याचे शरीर आहे. पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा हेही जमीन बघून ठरते. चार दिवस जास्त झाले तर फांद्यांना सल पडतात, म्हणजे काड्या वाळून जातात, आणि तो दोष मालकाचा असतो.

मार्काला हे ठाऊक होते, नाहीतर ते अर्धे वाक्य त्याने लिहिलेच नसते. त्याने ते गाळले असते तर आज कोणालाही अडचण आली नसती. मत्तय या दुसऱ्या शुभवर्तमानकाराने नेमके तेच केले. त्याच्या एकविसाव्या अध्यायात झाड आहे, भूक आहे, शाप आहे, झाड तत्काळ वाळते. हंगामाचा उल्लेख मात्र नाही. आणि लूकाने तर ती गोष्टच घेतली नाही. मार्काचे लिखाण समोर ठेवून लूकाने आपले शुभवर्तमान रचले असे बहुतेक अभ्यासक मानतात, तरीही त्याने हा प्रसंग सोडून दिला. त्याच्या तेराव्या अध्यायात मात्र येशूने सांगितलेला एक दाखला आहे. एका माणसाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. तीन वर्षे तो फळ शोधत आला आणि मिळाले नाही. तो माळ्याला म्हणाला, तोडून टाक, जागा कशाला अडवतेय. माळी म्हणाला, मालक, हे एवढे वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. फळ आले तर ठीक, नाहीतर मग तोडा.

माझ्या वडिलांच्या बायबलमध्ये या दोन उताऱ्यांच्या शेजारी पेन्सिलीच्या खुणा आहेत. मार्काच्या त्या ओळीपाशी नुसते एक प्रश्नचिन्ह आहे. लूकाच्या माळ्यापाशी लिहिले आहे: ‘४ बंड्या शेणखत, विहिरीकडची ओळ, २००२.’ त्या ओळीकडे मी नंतर येणार आहे.

येशू निष्पाप होता हे मी लहानपणापासून जसे ऐकत आलो तसेच मानत आलो. इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे की तो सर्व बाबतींत आपल्यासारखा पारखला गेला, तरी पापरहित राहिला. पेत्राचे पहिले पत्र म्हणते की त्याने पाप केले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तो स्वतः विरोधकांना विचारतो की तुमच्यापैकी कोण माझ्यावर पाप शाबीत करतो. पुढे इ. स. ४५१ मध्ये खल्कदोनच्या धर्मपरिषदेने ते पक्के केले: पापावाचून सर्व बाबतींत आपल्यासारखा. हे सगळे वाचताना फार उशिरा माझ्या लक्षात आले की या विधानांमागे बहुधा कोणी त्याचे आयुष्य दिवसागणिक तपासून काढलेला निष्कर्ष नाही. ती यज्ञाची अट आहे. वल्हांडणाचे कोकरू निर्दोष असले पाहिजे असे निर्गम पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे, आणि येशूला जर ते कोकरू म्हणायचे तर त्याच्या अंगावर डाग असून चालणार नाही. पेत्राच्या पत्रात तो ‘निष्कलंक व निर्दोष’ कोकरा आहे. म्हणजे आधी अट आली आणि मग तिच्या उजेडात चरित्र वाचले गेले.

चरित्र मात्र वेगळे बोलते. मार्काच्या दहाव्या अध्यायात एक माणूस धावत येऊन गुडघे टेकतो आणि ‘उत्तम गुरुजी’ अशी हाक मारतो. येशू म्हणतो, मला उत्तम का म्हणतोस? एक देव सोडला तर कोणी उत्तम नाही. लूकानेही हे तसेच ठेवले. मत्तयाला मात्र ते खटकले असावे, कारण त्याच्याकडे प्रश्न बदलून ‘उत्तमाविषयी मला का विचारतोस’ असा झाला आहे. बाप्तिस्म्याचेही तसेच. बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमानाचा योहान वेगळा) पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता आणि येशू रांगेत उभा राहिला, एवढे सांगून मार्क पुढे जातो. मत्तय तिथे योहानाच्या तोंडी एक हरकत घालतो, की खरे तर मीच तुमच्याकडून बाप्तिस्मा घ्यायला हवा. झाडून-पुसून ठेवण्याचे काम किती लवकर सुरू झाले हे या दोन-तीन ठिकाणी उघड दिसते. मला त्याचा राग येत नाही. आपल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावताना चौकट पुसतोच आपण. पण फोटोतला चेहराच पुसला जाऊ नये.

आता ज्या उताऱ्याशी आमच्या घराचा रक्ताचा संबंध आहे, त्याकडे वळतो.

१८९९–१९०० चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, वऱ्हाडात फार भयंकर होता. त्याआधीच्या, म्हणजे १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून निराधार मुली पुण्याजवळच्या केडगावला नेल्या होत्या. या दुष्काळात आमच्या भागातल्या मिशनांनी अनाथ मुले गोळा केली. त्यांत माझी पणजी होती. वय अंदाजे पाच. आईबाप, गाव, जात यांपैकी तिला काहीही सांगता येत नव्हते, किंवा येत असेल तर तिने कधी सांगितले नाही. आम्ही तिला मोठी आजी म्हणत असू. मी बारा वर्षांचा असताना ती गेली. तिच्या लहानपणाची एकच गोष्ट तिच्याकडून मी ऐकली आहे: एका अंगणात मुलांना रांगेत बसवून ज्वारीची कण्या घातलेली आंबील वाढत होते, आणि आंबील संपत आली तशी रांगेच्या शेवटची मुले रडू लागली. ती शेवटून तिसरी होती.

गावात आमच्या घराला ‘भाकरीसाठी बाटलेले’ म्हणत. आता कोणी तोंडावर म्हणत नाही, पण मी शाळेत असताना म्हणत. मी एकदा रडत घरी आलो तेव्हा मोठ्या आजीने मला जवळ बसवून सुरफुनीकी बाईची गोष्ट सांगितली, जी मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. ती तिने वाचून दाखवली नाही. तिला ती पाठ होती, आणि वऱ्हाडीत होती.

बाई परक्या मुलखातली, परक्या धर्माची. तिची लहान मुलगी आजारी, भुताने झपाटलेली. येशू सोराच्या मुलखात एका घरात लपून बसल्यासारखा राहिलेला, कोणाला कळू नये म्हणून. ती त्याला शोधून काढते आणि पायांवर पडते. तो म्हणतो, आधी मुलांना पोटभर खाऊ दे. मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांपुढे टाकणे बरे नाही. आणि ती म्हणते, खरे आहे मालक, पण मेजाखालची कुत्रीसुद्धा मुलांनी सांडलेला चुरा खातातच की. तेव्हा तो म्हणतो, या तुझ्या बोलण्यामुळे जा. तुझ्या मुलीतून भूत निघून गेले आहे.

आमच्या घरात तेव्हा मेज नव्हते, त्यामुळे मेजाखालचे कुत्रे मला कळेना. पण दारातले कुत्रे कळत होते. संध्याकाळी शेवटची भाकर झाली की आजी परातीतले पीठ झाडून एक लहानशी, वाकडीतिकडी पानगी थापायची, चुलीच्या कडेला टाकायची, आणि ती निवल्यावर अंगणातल्या कुत्रीला घालायची. ती कुत्रीसाठी म्हणून वेगळी थापलेली असे, उरलेली नसे. ती पानगी हातात धरून ती मला म्हणाली, “त्यानं तिले कुत्री म्हनलं. मंग तिनं काय केलं? रडत घरी गेली का? त्याचीच भाकर त्याच्याच तोंडावर आनली. हरला तो तिच्यापाशी.” थोडे थांबून म्हणाली, “अन् हरला हे कबूल केलं. मानूस चांगला होता.”

मी तेव्हापासून या विषयावर पुष्कळ वाचले आहे. मूळ ग्रीक शब्द लहान कुत्र्यासाठीचा आहे, म्हणून ते लाडाने म्हटलेले ‘पिल्लू’ होते, असे सांगणारी पुस्तके वाचली. (पिल्लू म्हटल्याने शिवी लाडाची होते असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्या शाळेत एक वर्ष काढायला हवे होते.) येशू तिच्या विश्वासाची परीक्षा घेत होता, त्याला उत्तर आधीच ठाऊक होते, हेही स्पष्टीकरण शेकडो प्रवचनांत ऐकले. मत्तयाकडे तर तो आधी काही बोलतच नाही, मग नकार देतो, आणि शेवटी तिच्या मोठ्या विश्वासाची स्तुती करतो. म्हणजे परीक्षेची कल्पना तिथूनच रुजली असावी. मार्काकडे मात्र स्तुती विश्वासाची नाही. तिथे ‘या तुझ्या बोलण्यामुळे’ असे आहे. ती वादात जिंकली म्हणून मुलगी बरी झाली.

परीक्षेचे स्पष्टीकरण मला कधीच पटले नाही, कारण त्याने येशूची बाजू सावरत नाही, ती आणखी बिघडते. समजा, तो मनात आधीच होकार देऊन बसला होता. मग आजारी मुलीच्या आईला जमिनीवर लोळवून, तिला कुत्री म्हणून, तिचे उत्तर येईपर्यंत तो वाट पाहत होता, असा अर्थ होतो. हा खेळ कोणी डॉक्टर एखाद्या आईशी खेळला तर त्याला आपण सज्जन म्हणणार नाही. याउलट तो थकलेला होता, लपलेला होता, आपले काम आपल्या लोकांपुरते आहे असे त्याला लहानपणापासून शिकवलेले होते, तेच त्याच्या तोंडून निघाले, आणि एका बाईच्या एका वाक्याने ते मागे घेतले गेले, असे म्हटले तर तो चुकला हे मान्य करावे लागते. पण मग तो मला ओळखीचा वाटतो. निर्दोषपणा राखण्याच्या नादात आपण त्याला नाटकी करून टाकतो, आणि नाटकीपणा हा दोष चुकण्यापेक्षा मोठा आहे.

झाडाचेही हेच आहे. तो भुकेला होता आणि चिडला, एवढे म्हटले तर ती चूक झाली, आणि शेतावर अशी चूक रोज कोणी ना कोणी करतो. उपाशी माणूस बैलाला उगाच चाबूक मारतो आणि मग रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. पण त्याने शिष्यांना धडा देण्यासाठी ठरवून, शांतपणे, एक निरपराध झाड मारले असे म्हटले, तर ते मला अधिक कठीण जाते. आश्चर्य असे की त्याच इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की तो पुत्र असूनही सोसलेल्या दुःखांतून आज्ञाधारकपणा शिकला. जो शिकतो त्याला शिकण्याआधी ते येत नसते. हे वाक्य आमच्या मंडळीत मी फारसे कधी ऐकले नाही.

बाकीच्या गोष्टी मला इतक्या छळत नाहीत. गरसेकरांच्या मुलखात येशूने एका माणसातून काढलेली भुते डुकरांत शिरू दिली आणि ती सुमारे दोन हजार डुकरे समुद्रात बुडाली, त्यांच्या मालकांचे काय झाले हे कोणी विचारले नाही. आमच्याकडे बिबट्याने एक बकरी नेली तरी वनखात्याचा पंचनामा होतो. गावकऱ्यांनी येशूला ‘आमच्या शिवेबाहेर जा’ अशी विनंती केली, त्यात मला काही गैर दिसत नाही. आई आणि भाऊ बाहेर उभे राहून निरोप पाठवतात आणि तो ‘माझी आई कोण’ असे विचारतो, हा उतारा वाचला की मंडळीतल्या बाया एकमेकींकडे बघतात; माझी आई तर दर वेळी पुटपुटायची, “उभी हाय ना बाहेर, पाह्य तिकडं.” वधस्तंभावरून त्याने तिला शिष्याच्या हवाली केले, हे योहान सांगतो, आणि आईने त्याला तेवढ्यावर क्षमा केली होती.

एक मात्र आजोबांमुळे लक्षात राहिले आहे. ते अचलपूरजवळ कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात कंपाउंडर होते. त्यांच्या पगारातून आमची सव्वाचार एकर जमीन झाली. मार्काच्या पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो, तेव्हा येशूला त्याचा कळवळा आला असे आपण वाचतो; पण एका प्राचीन हस्तलिखितात त्या जागी ‘राग येऊन’ असा पाठ आहे. हे मला कळले तेव्हा आजोबा नव्हते. असते तर त्यांना नवल वाटले नसते. रोग्याला बैलगाडीतून आणून फाटकाशी उतरवून, मागे न बघता परत जाणारे नातेवाईक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, आणि जखमा बांधताना त्यांचे हात हळुवार असत पण तोंड फार वाईट असे.

रिद्धपूर आमच्या गावापासून फार लांब नाही. तिथल्या वाटेवरचा माझा एक महानुभाव मित्र आहे. तो ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो, मी ‘सलाम’ म्हणतो, आणि मग आम्ही संत्र्याच्या भावावर बोलतो. एकदा मी त्याला अंजिराची गोष्ट सांगितली. तो हसला आणि गोविंदप्रभूंविषयी बोलू लागला. तेराव्या शतकातले ते रिद्धपूरचे राऊळ, महानुभावांचे अवतारी पुरुष; कोणाच्याही घरात शिरून खात, ज्यांना गाव शिवत नसे त्यांच्याकडेही जात, मुलांत खेळत, रुसत, शिव्या देत. लोक त्यांना वेडे म्हणत आणि देवही म्हणत. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे हिंडून, विचारून, त्या आठवणी लिहून काढल्या, आणि अडचणीच्या म्हणून गाळल्या नाहीत. “आमच्याकडे अशाला लीळा म्हणतात,” मित्र म्हणाला. “तुमच्याकडे काय म्हणता? चूक की दाखला?” मी म्हटले, पास्टर दाखला म्हणतात. “आणि तू?” मी उत्तर दिले नाही. लीळा हा शब्द मला हवासा वाटतो, पण लीळेत झाडाची बाजू विचारायची सोय राहत नाही.

विचारण्याची सोय ठेवली ती बाबासाहेबांनी. आमच्या गावातला मोठा भाग १९५६ नंतर बौद्ध झाला, आणि तिथे माझे वर्गमित्र आहेत. सिद्धार्थाने एकोणतिसाव्या वर्षापर्यंत म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बाबासाहेबांना पटेना. म्हणून आपल्या ग्रंथात त्यांनी ती चार दृश्यांची कथा बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेल्या तंट्यातून गृहत्यागाचे कारण मांडले. तिथे यशोधरा झोपेत सोडून दिलेली बायको नाही. तिला सांगून, तिच्याशी बोलून तो जातो. ज्याच्या पायाशी आपण बसणार आहोत त्याला आधी असे प्रश्न विचारायचे असतात, हे मी आमच्या मंडळीत शिकलो नाही, शेजारच्या वस्तीत शिकलो.

हेच प्रश्न दुसऱ्या स्वरातही विचारता येतात. बर्ट्रंड रसेल यांनी १९२७ साली लंडनमधल्या एका व्याख्यानात अंजिराचे झाड आणि डुकरे या दोन्हींचा हिशेब मांडला होता आणि बुद्ध व सॉक्रेटिस यांना येशूच्या वर ठेवले होते. त्यांचे मुद्दे खोटे नाहीत, आणि नरकाविषयी त्यांनी घेतलेला आक्षेप तर मला आजही परतवता येत नाही. जिथे किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही, त्या जागेचे वर्णन ज्या तोंडून निघाले त्याच तोंडाने शत्रूवर प्रीती करायला सांगितले, हे एकत्र बसवण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. भूक आणि थकवा ही कारणे तिथे लागू पडत नाहीत. तरी रसेल यांचे वाचताना मला असे वाटले की ते गुणपत्रिका तपासत आहेत. मोठ्या आजीने गुण दिले नव्हते. तिने वाद ऐकला होता आणि कोण हरले ते सांगितले होते.

हे सगळे मी एका अभ्याससभेत, बरेच सौम्य करून, बोललो. त्यानंतरच्या महिन्यात वाचनाच्या पाळीतून माझे नाव निघाले. कोणी काढले हे विचारले नाही. शंका वाढू देऊ नये म्हणून, असे एका वडीलधाऱ्यांनी सांगितले, आणि ते मनापासून सांगितले. मी अजूनही मागच्या सतरंजीवर बसतो. म्हातारबा आता नाहीत. त्यांची जागा भिंतीला टेकण्यासाठी सोयीची आहे.

राहिली विहिरीकडची ओळ. बाबांनी १९९४ साली एका रोपवाटिकेतून आणलेल्या कलमांपैकी बावीस झाडे नुसती वाढत राहिली. सहावे वर्ष गेले, सातवे गेले. पाने काळीभोर, आणि फळ म्हणावे तर शेंड्याला चार-दोन. कलम करताना डोळे कोणत्या झाडाचे बांधले होते कोणास ठाऊक. सगळे म्हणाले, काढा आणि नवी लावा. बाबांनी आळी खणली, चार बंड्या खत टाकले, बुंध्यांना बोर्डो लावला आणि बायबलात टिपून ठेवले. पुढच्या वर्षी फळ आले का? थोडे आले. त्याच्या पुढच्या वर्षी थोडे अधिक. बाजारात नेण्याजोगे ते पाच-सहा वर्षे येत राहिले, आणि मग डिंक्या रोगाने त्यातली सात झाडे गेली. बाबा २००८ मध्ये गेले. लूकाच्या दाखल्यात पुढच्या वर्षी काय झाले ते येशू सांगत नाही. बहुधा असेच काहीतरी झाले असावे.

२०१९ च्या उन्हाळ्यात वरुड, मोर्शी, चांदूर बाजार या पट्ट्यातल्या बागा वाळल्या तेव्हा आमची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. बोअर आणखी खाली नेला, धूळ आली. टँकरचे पाणी किती झाडांना द्यायचे हे ठरवावे लागले आणि ते मी ठरवले. विहिरीकडची पंधरा झाडे मी त्यातून वगळली. ती पुरती वाळलेली नव्हती. बुंध्याची साल नखाने खरवडली तर आत हिरवे होते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती मी माणसे लावून तोडली, कारण त्यांच्या मुळांनी शेजारच्या ओळीचे पाणी खाऊ नये. पहिली कुऱ्हाड मी स्वतः घातली. त्या झाडांचा काय कसूर होता, हे कोणी विचारले नाही. घरी येऊन मी बाबांचे बायबल काढले आणि मार्काच्या त्या ओळीशेजारी, त्यांच्या प्रश्नचिन्हाच्या खाली, तारीख लिहिली.

पावसाळ्यात त्यातल्या एका खुंटाला फुटवा आला. कलमाच्या खालून आलेला, म्हणजे जंबेरीचा. काटेरी, पोपटी, भराभर वाढणारा. त्याला संत्री कधी येणार नाहीत, आली तर आंबट जंबेरीच येईल, हे बागेत राबणारे पोरही सांगेल. दर वर्षी आळी करताना गडी तिथे थांबतो. यंदाही थांबला.

“भाऊ, हे कायले ठेवलं?”

“यंदा राहू दे,” मी म्हणालो.

“कुंपनाले काटे तरी होतीन,” तो म्हणाला आणि फावडे घेऊन पुढच्या आळ्याकडे गेला.